दोन इंच

“हाही शर्ट लांब शिवलास. टेप बदल तुझी,” आमचे हे पाठ धरून कुरकुरले. तीस वर्षं यांचे शर्ट मीच शिवते, माप तोंडपाठ. म्हणून लांबीचा दोष कापडाला दिला आणि पाठदुखीचा गादीला. शेवटी टेप लावली, तर मानेपासून कमरेपर्यंत माणूसच दोन इंच कमी भरला.

ते ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्त आणि हाडातली मज्जा तपासली. मणके खचले होते. फाइलवर ‘मल्टिपल मायलोमा’ आलं, इंजेक्शनं सुरू झाली. येणारा-जाणारा “खचू नका” म्हणायचा. दुखण्याला घरात सगळे नुसतं ‘मणक्याचं’ म्हणत, मीसुद्धा.

मी शर्ट आखूड करायला घेतले. कापड न कापता दोन इंच आत दुमडलं.

यांनी दुमड उलटून पाहिली. “मी काय वाढत्या अंगाचा आहे?”

“उंची परत आली तर?”

“दुखणं कमी होईल, उंची यायची नाही. तुझ्यासमोरच सांगितलंय डॉक्टरांनी.” त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. “काप. कॅन्सर मला झालाय, कापडाला नाही.”