नांगर टाकलेला पाहुणा

"पाहुणे, किती दिवस नांगर टाकून बसणार?"

तांडेलांनी अखेर विचारलंच. सोफ्यावर त्यांचा मेहुणा पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर खाली केला आणि बहिणीकडे पाहिलं. तांडेलांची बायको स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. तिचा चेहरा पडला.

तांडेलांनाही वाईट वाटलं. पण कधीतरी बोलायला हवंच होतं. दोन दिवस राहून जाणारा पाहुणा वेगळा आणि हा वेगळा. हा अंघोळीला सगळ्यांच्या आधी जायचा. उद्या दूध किती देऊ, हे दूधवाला यालाच विचारायचा. काल तर गृहस्थाने भिंतीत खिळा ठोकला, तोही कुणाला न विचारता.

बाकीचे लोक 'नांगर टाकला' म्हणतात ती बोलायची रीत. तांडेलांसाठी नांगर म्हणजे टनभर लोखंड. उभा जन्म त्यांनी मालवाहू जहाजावर तेच सांभाळण्यात काढला होता. नांगर टाकला की काम संपत नाही, तो तळावर घसरतोय का ते बघत राहावं लागतं. त्यासाठी किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, समजा दीपगृह आणि मागचं झाड. त्या एका रेषेत दिसेनाशा झाल्या की जहाज वाहायला लागलं. नवख्या खलाशाला मात्र किनाराच सरकल्यासारखा वाटतो. अशांना तांडेल पोट धरून हसायचे.

घरातही त्यांनी खुणा धरल्या होत्या. खुर्चीतून पाहिलं की कपाटाचा कोपरा आणि खिडकीबाहेरची पाण्याची टाकी एका रेषेत यायची. हल्ली कपाट भलतीकडेच असायचं. ते मेहुण्याने हलवलं, यात शंका नव्हती. पण टाकीच दिसेनाशी झाली होती. एवढी टाकी त्याने कशी हलवली असेल, याचा काही केल्या उलगडा होईना. विचार करून डोकं गरगरायचं आणि मग ते मेहुण्यावर आणखीच चिडायचे.

"अहो, असं काय बोलता? भाऊ आहे तो माझा," बायको म्हणाली.

"भाऊ आहे म्हणून तर इतके दिवस गप्प होतो. अगं, जन्मभर दुसऱ्याच्या जहाजावर झोपलो. आता एक घर आहे आपलं. त्यात तरी आपण दोघंच राहू." तांडेलांनी खोलीभर नजर फिरवली. "मला माझंच घर ओळखू येईनासं झालंय."

मेहुणा उठला. "दाजींचं बरोबर आहे, ताई. निघतो मी."

त्याने कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि चपला घातल्या. बहीण दारापर्यंत आली. एखाद्या दिवशी हा खरंच वैतागला तर आम्ही जायचं कुठे, हा विचार तिला आत जाऊ देईना.

"रागावू नकोस रे," ती हळूच म्हणाली.

"वेडी आहेस का," म्हणत तो जिना उतरू लागला.

जिन्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. तिने त्याच्या हातातली पिशवी पाहिली.

"काय हो, आज पुन्हा स्वतःच्याच घरातून हकालपट्टी?"

"चालायचंच," तो म्हणाला. "ताई आणि दाजी माझ्याकडे राहायला आल्यापासून तेवढाच व्यायाम होतो."

तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. पाव घेतला. तिथेच थोडा वेळ उभा राहिला. दाजींचं ते शेवटचं वाक्य काही कानांतून जाईना. त्याने डोळे पुसले आणि परत वर येऊन आपल्याच नावाच्या पाटीखालची बेल दाबली.

दार तांडेलांनीच उघडलं. क्षणभर ते गोंधळून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, बघ तरी कोण आलंय," त्यांनी आत हाक मारली आणि मेहुण्याचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढलं. "या पाहुणे, बाहेर का उभे? लाजू नका, आपलंच घर समजा."