तिसरी हाक

घरात सगळ्यांसमोर बायकोला नावाने हाक मारायची सोय नव्हती. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात, मुंबईहून रजेवर आलो तेव्हा, काशीराम तांडेलाच्या होडीतून आम्ही मालवणपलीकडचा प्रतिध्वनीचा कडा बघायला गेलो.

भर दुपारी कड्यासमोरच्या वाळूवर उतरून मी मोकळ्या गळ्याने ओरडलो, "शेवंती." कड्याने नाव परत दिले. पुन्हा ओरडलो, पुन्हा परत आले. ती हसत पाठमोरी वाकून शिंपले वेचू लागली. मी शहाळे तोंडाला लावले.

"शेवंती."

आवाज माझाच होता. आला होता कड्याकडून.

आमच्याकडे तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही, म्हणतात. माझ्या दोन हाकांनंतर ही तिसरीच. शेवंतीने वर न बघता ओ दिली.

काशीराम उठून उभा राहिला. "वैनीची ओ परत इली नाय," तो हळूच म्हणाला. "होडीत बसा."

आम्ही निघालो. शेवंती समोर बसली होती, ओठ मिटून, माझ्याकडे बघत. कडा बराच मागे पडल्यावर मला राहवेना. मी अगदी हळू आवाजात हाक मारली.

तिचे ओठ हलले नाहीत.

मागून, कड्याकडून, तिची ओ आली.