सात शब्दांचं कुलूप

पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली. सांकेतिक शब्द चुकीचे आहेत. एल्डन सोरेनसनने संगणकाला एक सणसणीत शिवी घातली आणि डाव्या हाताने कपाळ पुसलं. उद्या दुपारी चर्चच्या तळघरात त्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा होणार होता. सगळी जुनी मंडळी जेवायला यायची होती. भिंतीवर दाखवायचे फोटो या कुलपाच्या आत होते, आणि कुलपाचे सात शब्द एल्डन साफ विसरला होता.

खरं तर ते शब्द त्याच्या डोक्यात कधी नव्हतेच. बोटांना पाठ होते. पण एप्रिल संपत आला तरी दाराशी चिकटून बसलेल्या बर्फावर परवा तो आपटला, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

एल्डनइतका सावध माणूस अख्ख्या दुलुथ शहरात नसेल. नवा संगणक घरी आला त्याच दिवशी त्याने कंपनीची प्रणाली पुसून लिनक्स ही खुली प्रणाली घातली. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. किराणा दुकानाच्या सवलत कार्डावर त्याने मेलेल्या मांजराचं नाव दिलं होतं, त्यामुळे दर नाताळात मफिनच्या नावे शुभेच्छापत्र येई. शेजारच्या वेंडेलने दाराला फोटो काढणारी घंटा बसवली तेव्हा एल्डनने कुंपणावरून त्याची तासभर शाळा घेतली होती. "तुझ्या घरात काय चाललंय ते जगाला माहीत असणार बघ!" वेंडेल नुसता गालात हसला होता.

कुलपाचे शब्दही एल्डनने फासे टाकून, पडेल त्या आकड्याचा शब्द यादीतून उचलून काढले होते. ना अर्थ, ना संबंध, कुणाला अंदाज बांधायला जागाच नको. ते टाइप करायची वेळ आली की तो मागच्या खोलीचं दार लावी, पडदे ओढी आणि कानातली श्रवणयंत्रं काढून डबीत बंद करी. ती फोनशी बिनतारी बोलतात, त्यांचा काय भरवसा? संगणक जुना, तापायचा, म्हणून खिडकी तेवढी उघडी असे. पण पडदा होता ना.

शेवटी त्याने यंत्रं कानात घातली आणि स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको मर्ना मोठ्या भांड्यात खिम्यावर बटाट्याचे गोळे रचत होती.

"मर्ना, उद्याचे फोटो... उघडत नाहीत. शब्द विसरलो मी."

तिचा हात थांबला. "आईचा पण?"

"तो पण."

मर्नाची आई आयुष्यात एकदाच फोटोत हसली होती. मूळ फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेला. उरली होती ती एल्डनने संगणकात उतरवून ठेवलेली प्रत.

"तू दुसरी प्रत ठेवतोस म्हणालास ना?"

"दोन ठेवल्यात. पण कुलूप तेच."

"वा! म्हणजे चोराला मिळायचं नाही, कंपनीला मिळायचं नाही, आणि आपल्यालाही नाही. भलतंच पक्कं काम केलंस रे बाबा!"

एल्डनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आणखी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिने हात पुसले आणि तरातरा मागच्या खोलीत गेली. तो मागोमाग धावला, दार लावलं, पडदे तपासले, सवयीने यंत्रं काढून डबीत टाकली. तोवर मर्ना खुर्चीवर बसून एका बोटाने टाइप करत होती.

कुलूप उघडलं. तिने फोटो शोधून काढला. होडीत बसलेली, हातात मासा धरून खदाखदा हसणारी आई. मर्नाचे डोळे भरून आले आणि एल्डनचेही.

"पण तुला कसे ठाऊक?" त्याने विचारलं.

मर्नाचे ओठ हलले. मग तिने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली, त्याचा गाल थोपटला आणि स्वयंपाकघरात ओव्हनकडे पळाली.

एल्डनच्या अंगावर काटा आला. कान! म्हणजे घरात कुणीतरी ऐकत होतं, आणि बिचारीला ते उघड बोलायचीही चोरी होती. त्याने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळभर तो डाव्या हाताने घर उचकत राहिला. टीव्हीची वायर काढली. फ्रिजवर गोधडी टाकली. टोस्टर गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. टोस्टरवर तसा संशय नव्हता, पण उगाच जोखीम कशाला घ्या?

सकाळी चर्चला निघण्याआधी त्याने फासे टाकून नवे सात शब्द काढले. दार, पडदे, डबी, सगळं यथासांग झालं. डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत, एकेक शब्द सावकाश घोळवत त्याने नवं कुलूप घातलं. पक्कं बसावं म्हणून पुन्हा एकदा पहिल्यापासून टाइप केलं. मग छाती भरून श्वास घेतला. आता बघू कोण ऐकतं ते! समाधानाने त्याने यंत्रं कानात बसवली.

पडद्यापलीकडून, कुंपणावरून, वेंडेल हाका मारत होता.

"अरे एल्डन! पाचवा शब्द वाऱ्यात गेला, तेवढा परत ओरड ना! बाकीचे सहा आमच्या हिने पाठ केलेत, पण पुढच्या वेळी तू विसरलास तर तुला सांगायचं काय आम्ही?"