नगराध्यक्षाचं एक वाक्य

"उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" गिलेन दाराला पाठ लावून ओरडली.

तिचा नवरा ओदिलों समोर उभा. अंगात काळा कोट, छातीवर नगराध्यक्षाचा पट्टा, पायात मात्र घरातल्या सपाता. त्यानं हातानंच खूण केली, बाजूला हो.

"दारावर काय लिहिलंय बघितलंस ना? लालभडक, हातभर अक्षरं. 'तोंड उघडलंस तर संपलास.' काल खिडकीतून धोंडा आला. उद्या गोळी येईल!"

ओदिलों हलला नाही. लांब चौकातून आरोळ्या ऐकू येत होत्या.

लिंडेनबेकात फ्रेंच बोलणारी माणसं जास्त, पण गाव पडलं फ्लेमिश भाषेच्या मुलखात. नगरसभेत फ्लेमिशच बोलायचं, असा कायदा. फ्रेंच शब्द निघाला की प्रांताचा अधिकारी उठणार आणि बैठक रद्द. ओदिलोंनं चाळीस वर्षं ह्या कायद्याच्या छाताडावर बसून राजकारण केलं. नव्या सभेची पहिली बैठक आली की गडी उभा राहायचा आणि ठणठणीत फ्रेंचमध्ये एकच वाक्य बोलायचा: "हे आमचं घर आहे, आणि घरात आम्ही आमच्याच भाषेत बोलतो." अधिकारी फाईल मिटायचा, चौकात टाळ्या पडायच्या, मग सगळे बिअर ढोसायला मोकळे. लोकांनी तीनदा निवडून दिलं, सरकारनं तीनदा नगराध्यक्षपदाची मंजुरी अडवली. तरी हा हटला नाही, पट्टाही उतरवला नाही.

फ्लेमिश पोरं आडनावावरून त्याची खेचायची. "व्हान्डेकेर्कोव? अरे, हे तर आमच्या शेतातलं नाव!"

"नाव तुमचं, जीभ माझी," तो म्हणायचा. त्या जिभेवर फ्लेमिशचा एक शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. पाव घेतानासुद्धा नाही.

आज पुन्हा पहिली बैठक होती.

दार धडाधड वाजलं. "मादाम, उघडा! मी फाब्रिस!"

पक्षाचा चिटणीस. गिलेननं दार बोटभर उघडलं, तर तो खांदा घालून आतच घुसला. "कुठल्या हरामखोरानं लिहिलं हे? रंग अजून ओला आहे! पोलिसांना फोन केलात?"

"पोलीस नकोत," ती पटकन म्हणाली. "उगाच बोभाटा होईल."

"बोभाटा तर झालाच पाहिजे! अहो, पुढच्या वेळी मतं वाढतील." मग तो थबकला. "हाताला काय लागलं तुमच्या? रक्त?"

"बीट सोलत होते." तिनं हात ॲप्रनला पुसले.

फाब्रिस ओदिलोंकडे वळला. "साहेब, किती महिने झाले, तुम्ही फोनवर येत नाही. दर वेळी मादामच बोलतात. लोक म्हणतात, म्हातारा टरकला. आज आला नाहीत तर पक्षाचा बाजार उठला म्हणून समजा."

"त्याचा घसा बसलाय," गिलेन म्हणाली.

"घसा? फोनवर तर जिवाला धोका म्हणालात."

"दोन्ही!"

"एक वाक्य, मादाम! झोपेतून उठवलं तरी म्हणतील ते. म्हणा साहेब, हे आमचं घर आहे..."

"हे आमचं..." ओदिलों म्हणाला. आणि थांबला. ओठ हलले, आवाज नाही. त्यानं गिलेनकडे पाहिलं. सकाळपासून ती घोटून घेत होती, आणि गाडी दर वेळी इथेच रुतत होती.

"घाबरलेत हो," फाब्रिस हळू आवाजात म्हणाला. "लोकं बघितली की अंगात येईल. चला."

"हात जोडते तुझ्यापुढे, फाब्रिस. चाळीस वर्षं मातीत जातील रे. हसतील त्याला. नको नेऊस."

"हसतील? तुम्ही मारतील म्हणत होतात ना?"

तेवढ्यात आरोळ्या अगदी दाराशी आल्या. चौकातली माणसं फाटकातून आत शिरली होती. "ओदिलों! ओदिलों!" फाब्रिसनं दार सताड उघडलं. घाईत त्याचा पाय टोपलीला लागला आणि बीट पायरीवरून गडगडत गेले. मातीनं माखलेले, सालीसकट. एकही सोललेला नव्हता.

फाब्रिसनं बीटांकडे पाहिलं, मग गिलेनच्या बोटांकडे.

कॅमेरे पुढे सरसावले. एका पोरीनं माईक धरला. "साहेब, गावाला काय सांगाल?"

गिलेननं नवऱ्याची बाही घट्ट धरली.

ओदिलोंनं तिच्याकडे पाहिलं आणि तो शाळकरी पोरासारखा हसला. मग सगळ्या गावासमोर, मोठ्यानं, न अडखळता, अस्सल शेतातल्या फ्लेमिशमध्ये म्हणाला, "सोड की गं आये. शाळेची घंटा झाली. मला आता निघाया पायजे."