मागच्याने ओ द्यायची

“वाळू! हँडल आवळू नकोस!” बाबा पुढून ओरडले.

“नाही आवळत!” भिंगरीने मागून ओ दिली.

हा त्या बापलेकीचा जुना कायदा. पुढच्याने रस्ता सांगायचा, मागच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की पुढच्याने ब्रेक दाबायचा, मग चढ असो की उतार. भिंगरी फ्रॉक घालून सायकल शिकली तेव्हापासूनचा कायदा. आता तिच्या केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं, पण बाबांच्या तोंडी ती भिंगरीच होती आणि हाकाही त्याच होत्या.

उजव्या हाताला नदी, डावीकडे डोंगराचा पायथा आणि मधून हा खडीचा रस्ता. सकाळचं कोवळं ऊन होतं. जाड टायरांखाली खडी करकरत होती. तो आवाज कानावर पडला आणि भिंगरीला इतकं बरं वाटलं, की आपण कशासाठी आलोय तेच ती विसरून गेली.

आली होती ती आईच्या फोनमुळे. “तुझे बाबा काल दारातल्या कुंडीवर आदळले. वर म्हणे, कुंडीच मधे आली! तू एकदा त्यांच्याबरोबर सायकलवर जा आणि बघ. तू म्हणालीस तर देऊन टाकतील ती सायकल. माझं कशाला ऐकतील, मी पडले नुसती बायको!”

“फांदी!”

“वाकले!” म्हणत भिंगरी हँडलवर पालथी झाली. पुढे बाबाही वाकले होते. तिने मान वर केली, तर डोक्यावर नुसतं आभाळ. कडेला करवतीने कापलेला बुंधा होता, तोही पार काळा पडलेला.

बाबा रस्ता बघत नव्हते. पाठ म्हणत होते.

पुढच्या वळणावर नदीने रस्त्याची कड खाल्ली होती. हे नवीन होतं, ते पाठांतरात नव्हतं. बाबा आपले मजेत सरळ निघालेले.

“बाबा, डावीकडे! डावीकडे घ्या!”

बाबांनी उभा जन्म बस चालवली होती. मागून कंडक्टरचा आवाज आला की हातपाय आपोआप हलायचे, तसेच आत्ताही हलले. सायकल गर्रकन डावीकडे वळली आणि गवतात जाऊन थांबली. चाकाने उडवलेले चार खडे नदीत पडल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

भिंगरी सायकल टाकून त्यांच्याकडे धावली. “किती दिसतं तुम्हाला? खरं सांगा.”

“कडेकडेचं दिसतं,” बाबा म्हणाले. “मधलंच कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालंय.”

“आणि हे मला आत्ता सांगताय?”

“आधी सांगितलं असतं, तर आज आली असतीस का?”

“पडला असतात म्हणजे! आईला काय तोंड दाखवलं असतं मी?” तिचा आवाज चिरकला. रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता.

बाबा गवतातच बसले. शेजारी आडवी ठेवलेली सायकल त्यांनी हाताने चाचपली, सीटवरची माती झटकली. “बस सोडली तेव्हा काही वाटलं नाही बघ. किल्ली दिली, घरी आलो, मस्त झोपलो. ही मात्र सोडवत नाही. हिच्या मागे तू असायचीस.”

भिंगरीने थर्मासमधली कॉफी ओतून त्यांच्या हातात दिली. मग प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोरासारखं बाबांनी विचारलं, “आईला काय सांगणार आहेस?”

“सायकलला कुलूप, किल्ली आईकडे. रविवारी मी येईन, तेव्हाच ती निघेल. आणि पुढे मी.”

“म्हणजे मी मागे? अगं, जन्मात कधी कुणाच्या मागे…”

“मग सवय करा. माझं जॅकेट दिसतंय?”

“कडेने दिसतंय की. इतकं भडक घेतलंस तरी कशाला?”

“उठा आता.”

परत निघाली तेव्हा नदी डाव्या हाताला आली होती. भिंगरी सावकाश चालवत होती.

“खड्डा, उजवीकडे!”

मागून काहीच नाही. तिने ब्रेकवर बोटं ठेवली, तेवढ्यात कुरकुरत ओ आली. “दिसला, दिसला!”

“थापा मारू नका. नुसतं ‘हो’ म्हणा.”

“हो, बाई, हो!”

बुंधा आला. भिंगरीने तो पाहिला आणि काही न बोलता पुढे गेली.

“ए, फांदी राहिली सांगायची!” बाबा मागून ओरडले.

“ते झाड तोडलंय, बाबा. कधीच.”

“वाटलंच मला. हल्ली इथे तोंडावर सावली लागत नाही.” मग ते म्हणाले, “मग मघाशी तू का वाकलीस?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

मागून ओ आली नाही. मागची खडीही वाजेना. कायद्याप्रमाणे भिंगरीने ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं. बाबा बुंध्याजवळ एक पाय टेकवून उभे होते. एक हात वर करून ते हवेत काहीतरी चाचपत होते.

“बाबा! ओ द्या!”

“आहे गं,” बाबा म्हणाले. “मागेच आहे मी.”