पोहोचल्याचा फोन

"साधा रोबो व्हॅक्यूम घेतलात, तर माणूस घराबाहेर पडल्याबरोबर तो केर काढत सुटेल," दुकानातली मुलगी म्हणाली. "हा महागातला मात्र थांबतो. गेलेलं माणूस सुखरूप पोहोचल्याचं याला आपोआप कळतं, मगच सुरू होतो."

"साधाच घे रे," हेमलताबाई मुलाला म्हणाल्या. "आजवर तुझा पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय केरसुणीला हात लावलाय का मी?"

"आई, चंद्रावरून फोन लावायचा म्हणजे केवढी कटकट! त्यापेक्षा हा सुरू झाला की समजायचं, मी पोचलो." श्रीरंगनं महागातलाच बांधायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी तो चंद्रावरच्या नोकरीवर परत गेला. व्हॅक्यूम कोपऱ्यात गप्प बसून राहिला. फरशीवर धूळ साचत गेली. दाराजवळ श्रीरंगच्या बुटांची माती पडली होती, ती हेमलताबाई ओलांडून जात.

मग एका सकाळी त्या भाजी निवडत असताना व्हॅक्यूम आपणहून सुरू झाला. पोचला बाई! त्यांनी हात जोडले आणि त्या फोन मांडीवर घेऊन बसल्या. व्हॅक्यूमनं सगळ्या खोल्या झाडल्या, दाराजवळची माती ओढून घेतली आणि तो परत कोपऱ्यात जाऊन बसला.

संध्याकाळी फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला.

"दुकानातून बोलतेय, काकू. व्हॅक्यूम नीट चालतोय ना?"

"अगदी नीट. मुलगा पोचला," हेमलताबाई म्हणाल्या. "फोन तेवढा तुझा आला."