एकटीचा वर्ग

त्या छोट्याशा खासगी कॉलेजात यंदा तत्त्वज्ञानाला एकच मुलगी उरली होती. तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. विषय बदलायचा, असं ठरवून ती सरांच्या खोलीत गेली.

तिला पाहताच सर म्हणाले, "ये गं, बस. तू आहेस म्हणून हा वर्ग चालू आहे."

आपण गेलो तर सरांना या वयात घरी बसावं लागेल, या विचाराने तिने वही उघडली.

संध्याकाळी सरांची बायको पुन्हा म्हणाली, "लेक कधीची बोलावतेय. आता तरी सोडा ना ते कॉलेज!"

 

"मलाही झेपत नाही गं आता," सर हताशपणे म्हणाले, "पण त्या पोरीला विषयाची इतकी गोडी आहे, तिला कसं सांगू?"